कांदा फोडणाऱ्या सुरीपासून कांदा चिरणाऱ्या सुरीपर्यंत

मी केलेली पहिली सुरी आईनं दोन दिवस वापरली. तिसऱ्या दिवशी ती ओट्याच्या कडेला ठेवून तिनं पुन्हा विळी पुढ्यात ओढली. विचारलं तर म्हणाली, "धार आहे रे तिला. पण ती कांदा चिरत नाही, फोडते."

सुरी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून कापलेली होती. धार अशी की हातावरचे केस साफ निघायचे. मग कांदा का फुटायचा? दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या व्हर्नियरनं मोजलं. पाठ ५ मिमी जाड, धारेच्या लगेच मागे १.४ मिमी, आणि सगळा उतार पात्याच्या खालच्या १२ मिमीतच उरकलेला. प्रत्येक बाजूनं साडेआठ अंश. म्हणजे मी सुरी नाही, पाचर केली होती. धार कांद्यात शिरायची आणि मागची जाडी त्याचे दोन तुकडे ढकलून वेगळे करायची.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचं काम करतो. सुऱ्या करणं हा रविवारचा आणि संध्याकाळचा छंद, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ज्यांनी दोन-तीन सुऱ्या करून पाहिल्या आहेत आणि पुढे हात कसा सुधारायचा हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भट्टी कशी बांधायची इथपासून सुरुवात करत नाही.

एकच आकार धरा

पहिल्या वर्षात मी सहा सुऱ्या केल्या, सहाही वेगळ्या. एक शिकारी सुरी, एक छोटा सत्तूर, एक वाकड्या टोकाची. प्रत्येकीत काही ना काही चुकलं आणि कुठल्याच चुकीचं कारण कळलं नाही, कारण दर वेळी पोलाद, जाडी, आकार, मूठ सगळंच बदललेलं असायचं. खरी सुधारणा सातव्या सुरीपासून सुरू झाली, कारण तिथून पुढे मी एकच सुरी पुन्हा पुन्हा केली.

तुम्हीही एक साधी स्वयंपाकघरातली सुरी निवडा. माझं माप असं: पातं १५० मिमी लांब, टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, ४० मिमी रुंद, पाठ २.५ मिमी, उतार धारेपासून थेट पाठीपर्यंत. या मापात प्रत्येक बाजूचा उतार जेमतेम पावणेदोन अंशांचा येतो. पहिल्या सुरीच्या साडेआठ अंशांशी ताडून पाहा, म्हणजे आई काय म्हणत होती ते कळेल. आकार पत्र्यावर कापून घ्या, कडा कानशीनं नीट करा आणि तो पत्रा खिळ्याला टांगून ठेवा. पुढच्या दहा सुऱ्या त्याच्यावरूनच आखायच्या.

स्वयंपाकघरातलीच सुरी का, याला दुसरंही कारण आहे. तिची परीक्षा घरात रोज होते. कमरेला लावायची सुरी वर्षभर म्यानातच राहते आणि तिच्यातला दोष कुणालाच दिसत नाही. शिवाय कायद्याची बाजू आहेच. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे तलवारी, खंजीर यांच्या वाटेला छंद म्हणूनही जाऊ नका. आणि सणासुदीला शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे आदेश लागू असतात, तेव्हा तयार सुरी कुणाला द्यायला निघालात तर ती डब्यात बांधून न्या, पिशवीत उघडी नको.

वही

वही नसेल तर विसावी सुरी ही फक्त विसाव्यांदा केलेली पहिली सुरी असते. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो:

"क्र. ९. ईएन ४२जे, २.५ मिमी. पाणी पाजण्याआधी धारेची जाडी ०.८. तेल ५५ अंश. संध्याकाळी ७:२०. टोकाकडे किंचित वाक, गरम असतानाच सरळ केला. कानस घसरली. २०० अंश, दोन तास, दोनदा. शेवटी धारेमागे ०.३५. आई: टोमॅटो उत्तम, बटाटा चिकटतो. दोन आठवड्यांनी धार पुन्हा लावली."

पाणी पाजणं म्हणजे पातं तापवून एकदम थंड करून कठीण करणं; कानस घसरली म्हणजे ते कठीण झालं. दहाव्या सुरीत मी फक्त ०.३५ चं ०.२५ केलं, बाकी काहीही हलवलं नाही. फरक पहिल्याच कांद्यात कळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळायला फार जड जातो, कारण शेडमध्ये उभं राहिलं की दर वेळी नवी कल्पना सुचते. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि हातातली सुरी आखल्याप्रमाणे पुरी करा.

पोलाद: भंगारातून बाहेर या

भंगारातल्या लोखंडावर हात बसवायला हरकत नाही. पण सुधारायचं असेल तर हातात काय आहे हे माहीत असायला हवं. मी एकदा भंगारवाल्याकडून गोल सळई आणली, दोन दिवस ठोकून पातं केलं, तेलात बुडवलं, आणि कानस त्याच्यावर लोण्यासारखी चालली. साधं लोखंड होतं ते. त्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, ते कितीही तापवून बुडवलं तरी धारेएवढं कठीण होत नाही.

आपल्याकडे पोलाद ईएन नंबरनं ओळखतात. ईएन ८ मध्ये साधारण ०.४ टक्के कार्बन. शाफ्टला उत्तम, सुरीला कमी. ट्रकच्या पाट्यांत बहुधा ईएन ४५, ईएन ४७ किंवा त्यांच्या जवळची पोलादं असतात, कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के. कोयत्याला, कुऱ्हाडीला ते फार चांगलं, कारण दणका सोसतं. पण जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात आणि त्या पाणी पाजताना उघडतात. बेअरिंगचं ईएन ३१ म्हणजे १ टक्का कार्बन आणि वर क्रोमियम. त्याची धार अप्रतिम होते, पण ठरलेल्या तापमानाला ते दहाएक मिनिटं स्थिर धरावं लागतं आणि उघड्या भट्टीत ते जमत नाही. म्हणून शिकायला ईएन ४२जे किंवा सी ८० अशी साधी, ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बनची पट्टी घ्या.

व्यापाऱ्याकडे दोन गोष्टी मागा. एक, मालाची टीसी, म्हणजे त्यातले घटक लिहिलेलं प्रमाणपत्र. दोन, पट्टी सॉफ्ट म्हणजे ॲनील केलेली आहे ना, याची खात्री. स्प्रिंगची पट्टी पुष्कळदा आधीच कठीण केलेली येते. तिच्यात भोक पाडायला जाल तर ड्रिलबिटं जळतील. थोडी जास्तच पट्टी घ्या, दहा सुऱ्यांना पुरेल एवढी. एकाच पट्टीतल्या दहा सुऱ्या तुम्हाला जेवढं शिकवतील तेवढं दहा प्रकारची पोलादं शिकवणार नाहीत.

स्टेनलेसच्या मागे सध्या लागू नका. त्याला हजार अंशांच्या वर नेमकं तापमान लागतं. करायचंच झालं तर आकार देऊन पुण्याकडच्या व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे पाठवा.

कानस आणि उतार

पट्ट्याचा ग्राइंडर नाही म्हणून थांबू नका. माझ्या पहिल्या बारा सुऱ्यांचा उतार कानशीनं काढलेला आहे. अँगल ग्राइंडरनं फक्त बाहेरचा आकार कापायचा, आणि तोही गार्ड लावून, दोन्ही हातांनी धरून. पातं अडकून उसळलं तर हा ग्राइंडर माणसाला सावरायला वेळ देत नाही.

आधी आखणी. पट्टी २.५ मिमीची असेल तर २.५ मिमीचं ड्रिलबिट पट्टीशेजारी सपाट फरशीवर आडवं ठेवा आणि त्याच्या टोकानं कडेवर रेघ ओढा. बिटाचं टोक बरोबर मध्यावर असतं, त्यामुळे रेघही मध्यावर येते. मग पट्टी उलटून पुन्हा ओढा. दोन रेघा जुळल्या तर मध्य मिळाला. या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ०.४ मिमीवर एकेक रेघ मारा. पाणी पाजण्याआधी धार या दोन रेघांपर्यंतच न्यायची, त्याखाली नाही. ०.८ पेक्षा पातळ धार तेलात गेली की लाटेसारखी वाकते.

कानशीचा कोन हातानं स्थिर राहत नाही. त्यासाठी साधा जिग करा: पातं सपाट फळीवर क्लॅम्प करायचं, कानशीच्या शेपटीला लांब सळई जोडायची आणि ती सळई फळीच्या टोकाला उभ्या केलेल्या खिळ्याच्या कडीतून सरकवायची. कडी वर-खाली केली की कोन बदलतो. कानस पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचल. मागे ओढताना दाबून घासली तर दाते बोथट होतात. दर दहा-पंधरा ओढींना तारेच्या ब्रशनं दाते साफ करा, नाहीतर अडकलेला कण पात्यावर खोल ओरखडा काढतो आणि तो पुसायला पुढचा तासभर जातो. दातांवर खडू घासला की कण कमी अडकतात.

उतार जिथे सुरू होतो ती टाचेजवळची रेघ दोन्ही बाजूंना समोरासमोर यायला हवी. नवशिक्याची सुरी मला तिथूनच ओळखू येते. पातं पाठीकडून डोळ्यांसमोर धरा, उतार सुरू होतो ते पात्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का बघा. माझे खांदे चौदाव्या सुरीला जुळले.

मुठीच्या पिनांची भोकं याच वेळी पाडून घ्या. पाणी पाजल्यावर आठवण झाली तर फार उशीर झालेला असतो.

पाणी पाजणं

इथे घाई करू नका. सुरीचा जीव याच अर्ध्या तासात ठरतो.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडे मी तीन रविवार नुसता बसून होतो. घरातला मोठा माणूस ऐरणीवर विळे करत होता, बायको घण मारत होती. मी विचारलं, "मामा, रंग कसा ओळखायचा?" त्यांनी सांडशीतलं पातं उन्हात धरलं, मग पालाच्या सावलीत नेलं. उन्हात काळपट दिसणारं लोखंड सावलीत लालभडक होतं. "उन्हात बघू नको," ते म्हणाले, "उन्हात लोखंड खोटं बोलतंय."

तेव्हापासून मी हे काम सूर्य मावळल्यावरच करतो, शेडमधला दिवाही बंद करून. सोलापुरात मे महिन्यात सातच्या आधी अंधार पडत नाही, म्हणून वहीत वेळ लिहिलेली असते.

मामा विळ्याची फक्त धार पाण्यात बुडवायचे, पाठ बाहेर. मग पातं बाहेर काढून पटकन दगडावर घासायचे आणि पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकताना उघड्या झालेल्या धातूवर जो रंग चढतो तो बघायचे: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. हवा तो रंग धारेला पोचला की सगळं पातं पाण्यात. एकाच तापवण्यात कठीणही झालं आणि ठिसूळपणाही उतरला. हे पाहायला सोपं वाटतं, पण त्यामागे चाळीस वर्षांचे डोळे आहेत. मी ते करून पाहिलं तेव्हा पाण्यात शिरताच "टिंग" असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीकडे केसाएवढी चीर गेली. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आपल्यासारख्यांनी तेल वापरावं.

क्रम असा. आधी नॉर्मलायझिंग, तीन वेळा: पातं चुंबकाला चिकटणं सोडतं त्याहून थोडं वर तापवायचं आणि हवेत काळं पडून पूर्ण थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या वेळी थोडं कमी, तिसऱ्या वेळी आणखी कमी. यानं ठोकण्या-घासण्याचा ताण निघतो आणि आतले कण बारीक होतात. हा टप्पा गाळणाऱ्यांच्या सुऱ्या वाकतात, आणि मग ते तेलाला दोष देतात.

लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं. आपल्या पोलादाला ८०० ते ८१५ अंश हवे असतात. म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग अगदी एक छटा उजळेपर्यंत थांबायचं, त्याहून पुढे नाही. अंधारात नीट पाहिलंत तर तापताना पात्यावर गडद सावल्या फिरताना दिसतात. पोलादाची आतली रचना बदलत असते आणि ती उष्णता पिऊन घेते म्हणून तेवढा भाग काळपट राहतो. सावली पुसली गेली, रंग टोकापासून टाचेपर्यंत एकसारखा झाला, की एखाद मिनिट धरा आणि तेलात. टोक पातळ असल्यानं आधी तापतं. पातं भट्टीत सतत मागेपुढे हलवत राहा.

तेल म्हणून मी शेंगतेल वापरतो. शेंगा चटणीच्या गावात त्याची वाण नाही. जाड लोखंडी उभा डबा, चार-पाच लिटर तेल, घट्ट बसणारं झाकण हाताशी. प्लास्टिकचं भांडं चुकूनही नको. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा, कारण कोमट तेल पातळ असतं आणि पात्याभोवती भरभर फिरून उष्णता लवकर ओढतं. गरम लोखंडाचा तुकडा बुडवून ते तापवता येतं, थर्मामीटरनं मोजा. जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण वापरतात. त्यातले धातू आणि इतर घाण धुरातून थेट छातीत जाते, ते वापरू नका. पातं टोकाकडून सरळ उभं आत घाला आणि धारेच्या दिशेनं मागेपुढे हलवा, आडवं नाही. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होऊन पातं धनुष्य होतं. वर ज्योत उठली तर झाकण टाका. पाणी कधीच नाही.

तेलातून काढल्यावर पातं हातमोज्यातही गरम लागतं, तेव्हा काही सेकंद असतात. एक डोळा मिटून पाठीवरून बघा. वाक असेल तर दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून तेवढ्यात सरळ करा. थंड झाल्यावर जोर लावलात तर काचेसारखं मोडेल.

मग जुनी, पण चांगल्या दातांची कानस धारेवर चालवा. घसरली तर पाणी बसलं. चावली तर लगेच निराश होऊ नका: भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो, म्हणून पाच-सहा ओढी मारून तो थर काढा आणि पुन्हा बघा. तरीही चावत असेल तर नॉर्मलायझिंगपासून परत.

त्याच संध्याकाळी, पातं हाताला सोसेल एवढं थंड झालं की टेम्परिंग, म्हणजे कमी आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवणं. उद्यावर टाकू नका. कठीण पातं आतल्या ताणानं रात्रीत तडकू शकतं. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास नको. माझा ओटीजी २०० वर ठेवला की आत २३० दाखवायचा, आणि तीन सुऱ्या मऊ का निघाल्या हे मला वेगळा थर्मामीटर आत ठेवल्यावर कळलं. ट्रेमध्ये वाळू भरा आणि पातं वाळूवर ठेवा, म्हणजे तापमान वरखाली होत नाही. २०० ते २२० अंश, दोन तास. थंड होऊ द्या. पुन्हा दोन तास. घासून स्वच्छ केलेल्या भागावर फिक्या काडीचा पिवळा रंग चढलेला दिसेल.

आता ज्या गोष्टीनं माझा हात सर्वांत जास्त सुधारला ती सांगतो. प्रत्येक सुरीबरोबर त्याच पट्टीचा बोटाएवढा तुकडा तापवा आणि त्याच तेलात बुडवा. टेम्पर करू नका. व्हाइसमध्ये धरून, वरून जाड कापड गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून हातोड्यानं मोडा. मोडलेला काठ भिंगाखाली बघा. रवा दिसला तर पोलाद जास्त तापलं. मैदा दिसला, राखाडी, मखमली, कण वेगळे न ओळखू येणारा, तर बरोबर. माझ्याकडे असे एकोणीस तुकडे एका पट्टीवर चिकटवून लावलेत, प्रत्येकाखाली सुरीचा क्रमांक. पहिले पाच साखरेसारखे चमकतात. सहाव्यापासून चमक कमी होत जाते. अकराव्यानंतर भिंग लावूनही कण दिसत नाहीत. अंधारात रंग ओळखायला डोळा कधी शिकला, ते त्या पट्टीवर लिहिलेलं आहे.

कठीण झाल्यावरची घासणी

आता ०.८ चं ०.२५ करायचं. यापुढे पातं हातमोजे न घालता धरा, कारण गरम झालेलं बोटांना आधी कळतं. हाताला चटका बसतो ती उष्णता टेम्परिंगच्या खूप खाली असते, तोवर काळजी नाही. पण पातळ धार डोळ्याची पापणी लवते तोवर तापते. ग्राइंडर असेल तर नवा पट्टा, कमी वेग आणि प्रत्येक ओढीनंतर पाण्याची बादली. उन्हाळ्यात आपल्याकडे बादलीतलं पाणीच कोमट असतं, मी त्यात बर्फ टाकतो. धारेवर निळा डाग दिसला तर तिथली कठीणता गेली, तेवढा भाग पूर्ण घासून काढावाच लागेल.

मग ब्लॉकवर गुंडाळून वॉटर पेपर: १२०, २२०, ४००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय पुढचा नंबर नाही. ४०० वर घाईनं पोचलात तर १२० चे ओरखडे तिथेही दिसतात. हत्यारांत पुढे काय घ्यावं असं विचाराल तर माझं उत्तर: आधी चांगल्या कानशी, मग डिजिटल व्हर्नियर, मग थर्मामीटर, आणि २ इंच रुंद, ७२ इंच लांब पट्ट्याचा ग्राइंडर सगळ्यात शेवटी. तो चुका वेगानं करतो, आणि चूक ओळखणारा डोळा आधी तयार असावा लागतो.

धुळीबद्दल मनापासून सांगतो. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क प्रत्येक वेळी, पाच मिनिटांचं काम असलं तरी. आमच्या कारखान्यात कापसाच्या धुळीनं खोकणारी माणसं मी रोज पाहतो. लोखंडाची, लाकडाची, रेझिनची धूळही वाईटच. आणि टॉवेल-चादरीच्या वेस्टचे बोळे शेडमध्ये पुसायला ठेवू नका. ठिणगी त्यात तासभर धुमसत राहते आणि आपण घरात जेवायला बसलेले असतो.

चादरीची मूठ

शिसव, बाभूळ, चिंच, काहीही चालेल, फक्त लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. सोलापूरची कोरडी हवा लाकूड आकसवते. कोकणातून आणलेल्या लाकडाची मूठ मी लगेच बसवली तर उन्हाळ्यात ती टँगच्या, म्हणजे मुठीत जाणाऱ्या पात्याच्या शेपटीच्या, दोन्ही बाजूंनी आत गेली आणि लोखंडाची कड तळव्याला लागू लागली. लाकूड इथल्या हवेत काही महिने राहू द्या, मग कापा.

पण मला सगळ्यात आवडते ती आपल्या चादरीची मूठ. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा कटपीस इथे कुठेही मिळतो. सुती चादरीचे हातभर लांबीचे तुकडे आधी गरम पाण्यात धुवून कांजी पूर्ण काढा. मागावर सुताला लावलेली खळ राहिली तर रेझिन धाग्यात मुरत नाही आणि थर पुढे सुटतात; माझी पहिली लादी याच कारणानं पापडासारखी उलगडली. कडक उन्हात दोन दिवस वाळवा. मग पातळ इपॉक्सी रेझिनमध्ये एकेक तुकडा भिजवून नऊ-दहा थर रचा, वरखाली प्लास्टिक गुंडाळलेल्या सपाट फळ्या, आणि चार क्लॅम्प. नायट्राइल हातमोजे, मोकळी हवा. चोवीस तासांनी दगडासारखी लादी हातात येते. गंमत पुढे आहे: मुठीची गोलाई काढताना एकेक थर कापला जातो आणि चादरीवरचे रंग नकाशातल्या उंचसखल रेषांसारखे उमटतात. लाल-हिरव्या चादरीतून निघालेली मूठ बघून आमच्या खात्यातल्या एका जॉबरनं नुसत्या नजरेनं चादरीचं डिझाइन ओळखलं होतं.

बसवताना टँग आणि लादी दोन्ही ८० च्या पेपरनं खरखरीत करा, थिनरनं पुसा, नंतर बोट लावू नका. चोवीस तासांत सुकणारा दोन ट्यूबवाला अराल्डाइट, पितळी पिना. क्लॅम्प इतका आवळू नका की सगळा गोंद बाहेर येईल. लाकडाला जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. ते आपोआप पेट घेऊ शकतं.

धार आणि परीक्षा

४०० चा दगड, मग १०००, हवं तर ३०००. कोन प्रत्येक बाजूनं १५ अंश. ४० मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण १० मिमी वर. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला बर (दुमडलेली बारीक कड) येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बोटाचं टोक धारेपासून बाहेरच्या दिशेला फिरवलं की बारीक खरखर लागते, ती टाचेपासून टोकापर्यंत सलग हवी. शेवटी चामड्यावर मागच्या दिशेनं ओढून बर काढा.

मग पितळी सळईची परीक्षा. ६ मिमीची सळई व्हाइसमध्ये आडवी धरा, धार तिच्यावर १५-२० अंशांत टेकवून धारेची कड किंचित लवेपर्यंत दाबा आणि पुढे सरकवा. लवून परत सरळ झाली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर मऊ आहे. दातरी पडली तर कठीण राहिली: टेम्परिंग १०-१५ अंशांनी वाढवा.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था जर्नीमन, म्हणजे पारखलेला कारागीर, होऊ पाहणाऱ्यांची कशी परीक्षा घेते ते बघण्यासारखं आहे. एकाच सुरीनं १ इंच जाडीचा मोकळा लोंबकळता दोर एका फटक्यात कापायचा, दोन बाय चार इंची लाकडी पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेनं केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये ९० अंशांत वाकवायचं. ती मोठ्या, जाड सुरीची परीक्षा आहे, आपली पातळ सुरी तिथे न्यायची नाही. पण त्यातली एक गोष्ट मी घेतली: दर पाचवी सुरी मोडायची. चांगली जमलेली असली तरी. व्हाइसमध्ये धरून पाइप लावून वाकवायची, किती अंशांना मोडली ते लिहायचं, मोडलेला काठ बघायचा. पाचवी मोडताना हात थरथरला होता. दहावी परतून बऱ्यापैकी सरळ झाली.

यानंतरची परीक्षा दुसऱ्यांच्या हातात. सुरी फुकट द्या, पण "कशी आहे?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. विचारा: शेवटची धार कधी लावली? कुठली भाजी कापताना हात थांबतो? दिवसअखेर बोटाला कुठे घट्टा पडतो? आमच्या गल्लीतल्या मटणवाल्या भाऊंकडे तेरावी सुरी दिली होती. आठ दिवसांनी ते म्हणाले, "धार लई टिकती, पण ओल्या हातात फिरती." मुठीचा छेद गोल होता. तेव्हापासून मी तो अंड्यासारखा करतो, खालची बाजू निमुळती. हे मला एकट्याला शेडमध्ये बसून कधीच सुचलं नसतं. देताना एवढं मात्र सांगा की हे कार्बनचं पोलाद आहे, कापून झालं की पुसून ठेवा. रत्नागिरीच्या आत्याला दिलेली सुरी पहिल्याच पावसाळ्यात तांबूस झाली. तिला आता कापराबरोबर डब्यात ठेवायला सांगितलंय आणि पात्याला पातळ शेंगतेलाचा हात.

दुसऱ्या आकाराकडे कधी वळायचं? माझा मापदंड असा: सलग तीन सुऱ्यांत धारेमागची जाडी ठरवलेल्या आकड्याच्या ०.०५ मिमीच्या आत यावी, तीनही तुकड्यांत मैदा दिसावा आणि टाचेचे खांदे जुळावेत. मला त्याला वीस सुऱ्या लागल्या. एकविसावी म्हणजे विळीचं पातं. वाकडी धार, खालून वर येणारी भाजी, सगळंच वेगळं. आखणीचा पत्रा कापून खिळ्याला टांगलाय आणि वहीत नवं पान उघडलंय. आईची जुनी विळी मोजून घेतली. चाळीस वर्षं घासून तिच्या धारेमागे ०.२ मिमी उरलंय.